गाळी भरली, गाली राहिली

हुबळीला जायचा दिवस असला की आमच्या घरी सकाळी साडेपाचला कुकरची शिट्टी होते. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या अव्वांच्या, डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. त्यासाठी ठरावीक आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. तारीख चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. बेळगाव ते हुबळी जवळजवळ १०० किलोमीटर. बसने नेले तर अव्वांचे गुडघे दुखतात, म्हणून गेल्या दिवाळीनंतर एक वापरलेली छोटी मोटार घेतली. घेताना रंग बघितला, सीटचे कव्हर बघितले, एसी लावून बघितला. टायरला पायाने एक लाथ मारून बघितली. लाथ का मारतात हे मला आजही ठाऊक नाही, पण सगळे मारतात म्हणून मीही मारली.

पहिल्या फेरीत हिरेबागेवाडीचा टोलनाका ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली आणि काटा ८५ वर गेला, तसे स्टिअरिंग हातात थरथरू लागले. हिवतापाच्या माणसाचा हात हातात धरल्यासारखे वाटले. वेग ७० वर आणला की थरथर गायब, पुन्हा ८५ केला की हजर. सौ. म्हणाल्या, "रस्ताच खराब असेल." रस्ता आरशासारखा होता. त्या दिवशी हुबळीपर्यंत ७० च्या पुढे गेलो नाही. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करून पुढे गेला.

ही कथा सांगायचे कारण असे की, पुढच्या तीन महिन्यांत मी या थरथरीवर बराच पैसा आणि त्याहून जास्त अक्कल खर्च केली. रोग शेवटी सापडला, पण तो ज्यांनी सगळ्यात आधी ओळखला होता त्यांचे मी ऐकले नव्हते.

पहिला उपाय सर्वांनी एकमुखाने सांगितला, "अलाइनमेंट करून घ्या." एका चकचकीत दुकानात गाडी नेली. चाकांना आरसे लावले, पडद्यावर लाल-हिरव्या रेघा आल्या, पावती मिळाली. थरथर जशीच्या तशी. नंतर कळले की अलाइनमेंटचा या दुखण्याशी फारसा संबंधच नसतो. चाकांची तोंडे कुठल्या दिशेला आहेत आणि चाके किती कललेली आहेत, एवढेच त्यात जुळवतात. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहते, टायरची एकच कड झिजते. तसेच हजारो किलोमीटर चालवले तर टायर वेडावाकडा झिजून पुढे आवाज आणि हादरे सुरू होऊ शकतात, हे खरे. पण ८५ ला सुरू होऊन ७० ला थांबणारी थरथर हे अलाइनमेंटचे लक्षण नव्हे. पोट दुखत असताना चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा तसे झाले.

कॉलेजात स्टाफरूममध्ये हे रडगाणे गायलो, तेव्हा आमचे भौतिकशास्त्राचे सर खडू घेऊन उठलेच. मी अर्थशास्त्राचा माणूस. आकडेमोडीला भीत नाही, पण हे गणित बघून मात्र हबकलो. माझ्या गाडीचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जातो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक एका सेकंदात सुमारे १३ वेळा फिरते. आता १४ इंची रिमच्या कडेला एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त झाले तर काय होईल? ३० ग्रॅम म्हणजे पावाच्या एका कापाएवढे. सरांनी गणित मांडले. त्या वेगाला ते ३० ग्रॅम चाकाला साडेतीन किलोपेक्षाही जास्त जोराने बाहेर ओढतात. तेही सेकंदाला तेरा वेळा, एकदा वर, एकदा खाली. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणून गावात काही कळत नाही आणि हायवेवर हात थरथरतो.

"पण सर, मग वेग वाढेल तशी थरथर वाढतच जायला हवी. काही गाड्या ८५ ला थरथरतात आणि शंभरच्या पुढे जरा शांत होतात, ते कसे?" मी परीक्षकाच्या थाटात विचारले. ते म्हणाले, "झोपाळा. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात धक्का दिला की थोड्या जोरात मोठा झोका जातो. चाक आणि त्याची स्प्रिंग यांचाही एक ठेका असतो, साधारण सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांचा. तुमचे चाक ८५-९० ला नेमके त्याच ठेक्यात येते. याला अनुनाद म्हणतात." विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द लहानपणी घोकला होता. त्याचा आणि हातातल्या स्टिअरिंगचा संबंध लागायला पन्नाशी जवळ यावी लागली.

म्हणजे बॅलन्सिंग करायला हवे. पुन्हा दुकान. पुढचे एक चाक काढल्याबरोबर कारण दिसले. रिमच्या कडेला शिशाचा जो छोटा तुकडा ठोकलेला असतो तो कधीतरी पडून गेला होता आणि तिथे नुसती खूण उरली होती. मशीनवर चाक फिरवल्यावर ४५ ग्रॅमचा आकडा आला, दुसऱ्या चाकाला २०. नवे तुकडे लागले, आकडा शून्य झाला. त्याच संध्याकाळी काकतीच्या पुढपर्यंत जाऊन आलो. ९० ला स्टिअरिंग देवघरातल्या समईसारखे स्थिर. घरी येऊन मी सौं.ना दोन वेळा चहा करायला लावून ही विजयगाथा ऐकवली.

दुसऱ्या फेरीला मी निर्धास्त ९० ने निघालो. मागच्या सीटवर डाव्या बाजूला अव्वा. प्रवासात मळमळते म्हणून त्या कवळी काढून स्टीलच्या डबीत ठेवतात आणि डबी मांडीवर. एम. के. हुबळीच्या अलीकडे त्या लेकीला म्हणाल्या, "हिंदऽ नडगाकत्तैतिऽ. गाली सरी इल्ल."

मागे थरथरते आहे. गाली बरोबर नाही.

इथे माझ्या कन्नडबद्दल सांगायला हवे. लग्नाला वीस वर्षे झाली. बाजारहाट, बसचे तिकीट, सासुरवाडीतले जेवणातले आग्रह इतपत कन्नड मला येते. पण ते सीमेवरच्या माणसाचे कन्नड. अर्धे कानाने, अर्धे अंदाजाने. एसीचा आवाज, टायरचा आवाज आणि तोंडात कवळी नाही. मी ऐकले 'गाळी सरी इल्ल'. गाळी म्हणजे हवा. चाकातली हवा बरोबर नाही म्हणतात, ठीक आहे. पुढच्या पंपावर थांबलो आणि मुलाला चारही चाकांत ३८ भरायला सांगितले. गाडीच्या दाराच्या खांबावर जी चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर ३३ लिहिले होते. तो आकडा थंड टायरसाठी असतो. ४० किलोमीटर पळालेला टायर गरम होतो आणि आतला दाब आपोआप दोन-चार अंकांनी वाढलेला असतो. म्हणजे मी आधीच फुगलेल्या टायरला आणखी फुगवले. फुगलेला टायर दगडासारखा होतो, रस्त्याचा आणि स्वतःचा प्रत्येक दोष तो थेट सीटपर्यंत पोचवतो. कित्तूर येईपर्यंत अव्वांच्या मांडीवरची डबी खुळखुळ्यासारखी वाजायला लागली.

परत आल्यावर मात्र मी हुशारी केली; मागच्या दोन चाकांचेही बॅलन्सिंग करून घेतले. डाव्या मागच्या चाकाला तब्बल ७० ग्रॅम लावावे लागले. दुकानातला मुलगा म्हणाला, "लागतं कधी कधी." हे वाक्य मी तेव्हा सोडून दिले. आता सांगतो, एखाद्या चाकाला इतके वजन मागावे लागत असेल तर नुसते तुकडे ठोकून मोकळे होऊ नये, टायरलाच जाब विचारावा. पण आकडा शून्य आला होता. चारही चाके शून्यावर, हवा भरपूर, अलाइनमेंटची पावती खिशात. माझ्या दृष्टीने विषय संपला.

तिसऱ्या फेरीत अव्वांनी पुन्हा तेच सांगितले. मी पुन्हा तेच ऐकले. मग मी सौं.ना मराठीत म्हणालो, "अगं, अव्वांना सांग, हवा कालच तपासली आहे. चारही चाकं मशीनवर शून्य आली. वय झालं की असं वाटतं, मणक्यांचं दुखणं गाडीवर ढकलून कसं चालेल?"

अव्वांचे माहेर निपाणीजवळचे. त्यांना मराठी माझ्याइतकेच कळते. बोलत नाहीत, एवढेच. पुढच्या साठ किलोमीटरमध्ये त्या काही बोलल्या नाहीत, येतानाही नाही. चौथ्या फेरीत तर डबीही रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली होती, वाजू नये म्हणून. मला वाटले, बघा, झाले ना बरे?

पाचव्या फेरीच्या आधी सौ. म्हणाल्या, "अव्वा बसने जायचं म्हणते."

"का? गुडघे?"

"गुडघे दुखले तरी चालतील म्हणते."

रात्री जेवताना आमच्या बारावीतल्या कन्येने उलगडा केला. आज्जीशी ती कन्नडमध्ये बोलते आणि माझ्याशी मराठीत. या घरातली खरी दुभाषी तीच. "पप्पा, आज्जी गाळी नाही म्हणाली, गाली म्हणाली. गाली म्हणजे चाक. ती घाबरलीय. तिला वाटतं मागचं चाक निखळणार, आणि तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागावता."

ल आणि ळ. मराठीतही हा भेद आहे आणि वर्गात विद्यार्थ्यांचे उच्चार मी ओरडून दुरुस्त करत आलो आहे.

त्या रविवारी सकाळी मी, सौ. आणि कन्या असे तिघेच निघालो. या वेळी एकेक गोष्ट नीट वेगळी काढायची ठरवले. मागे आज्जीच्या जागेवर कन्या, हातात अर्धा भरलेला पाण्याचा स्टीलचा पेला. ते पाणी म्हणजे आमचे यंत्र. रिकामा सरळ रस्ता बघून आधी ८५ वर पाचवा गिअर, मग त्याच वेगाला चौथा. चौथ्यात इंजिन जास्त वेगाने फिरते, चाके मात्र तेवढ्याच वेगाने. थरथर इंजिनाची किंवा त्याच्या माउंटिंगच्या रबराची असेल तर गिअर बदलताच तिचा सूर बदलला असता. पेल्यातले पाणी तसेच थरथरत राहिले, म्हणजे इंजिन निर्दोष. मग हलका ब्रेक दाबला. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर ब्रेकची डिस्क एकसारख्या जाडीची राहिलेली नसते. तसेही नव्हते. अ‍ॅक्सिलेटर दाबून गाडी ओढताना तेवढीच थरथर येत असेल तर पुढच्या चाकांच्या गाड्यांत आतल्या बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर संशय घ्यायचा. जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खालचा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस. इथे पाय काढला तरी पाण्यात तीच वर्तुळे. स्टिअरिंग शांत, सीट थरथरते, म्हणजे दोष बहुधा मागच्या चाकांत. हा नियम शंभर टक्के खरा नसतो, पण दिशा दाखवतो. आणि ही दिशा अव्वांनी दीड महिन्यापूर्वी एका शब्दात सांगितली होती. हिंदऽ.

या टप्प्यावर माझ्या एका सहकाऱ्याने सांगितलेली गोष्ट आठवली म्हणून घरी येऊन चाकांची आतली बाजू पाण्याने धुतली. हे सहकारी खानापूरकडून येतात. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याचा लाल चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो, वाळून घट्ट होतो आणि गाडी थरथरायला लागते. पाण्याचा फवारा मारला की बरी. ज्यांचे शेतात जाणे-येणे आहे त्यांनी खर्चात पडण्याआधी हा फुकटचा उपाय जरूर करून बघावा. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिली तरी टायर खालून चपटा होऊन पहिले दहा-पंधरा किलोमीटर हादरे देतो. गरम झाला की गोल होतो. आमच्या गाडीला यातले काहीच नव्हते. तिच्या चाकांतून चिखल निघाला तो एक वाटीभर.

मग मी एक प्रयोग केला. तो तत्त्वाने बरोबर होता, पण मी केला तसा कुणी करू नये. मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावली. दोष चाकातच असेल तर तो चाकाबरोबर सरकेल आणि थरथर सीटमधून स्टिअरिंगमध्ये येईल, असा विचार. झालेही तसेच. हायवेला लागलो, ८० च्या वर स्टिअरिंग इतके हलू लागले की घड्याळाचा पट्टा मनगटावर नाचायला लागला. मी आनंदाने ओरडलो, "सापडलं!" सौ. म्हणाल्या, "आधी गाडी हळू करा."

तिथून सरळ जुन्या पी. बी. रोडवरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. टिनाचे छप्पर, दोन जॅक, भिंतीवर देवाचे आणि मक्केचे असे दोन्ही फोटो. उर्दू, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा माणूस. मी माझे सगळे संशोधन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सर, टायर बघितला?"

"मशीनवर शून्य आलाय."

"मशीन वजन बघतं. तुम्ही डोळ्यांनी टायर बघितला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन महिन्यांत मी पावत्या बघितल्या, पडदे बघितले, पेला बघितला. टायरकडे बघितले नव्हते.

त्यांनी गाडी जॅकवर घेतली. आधी चाक वर-खाली धरून हलवून बघितले, मग दोन्ही बाजूंना धरून. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा असेल तर टाय रॉडचे टोक, असा ढोबळ हिशेब. दोन्हीकडे खेळ नव्हता. चाकाचे नट घट्ट होते. ते एकदा पाना लावून बघणे खरे तर अगदी पहिले काम, कारण सैल नटानेही गाडी थरथरते आणि त्यात चाक निखळू शकते. अव्वांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. मग मिस्त्रींनी एक खडू घेतला, वीट रचून तिच्यावर हात टेकवला आणि खडूचे टोक टायरच्या नक्षीपासून जेमतेम केसभर लांब धरले. दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवले. सावकाश हा शब्द कन्नडमध्येही तोच, हे जाता जाता. गोल टायर असता तर खडू कुठेच लागला नसता किंवा सगळीकडे सारखा लागला असता. इथे वीतभर पट्ट्यात पांढरी रेघ उमटली आणि बाकीचा टायर काळाच राहिला.

"हात लावा."

मी तळवा फिरवला. आतल्या अंगाला, बाहेरून उभे राहून दिसणार नाही अशा जागी, नक्षीखाली गळू आल्यासारखा उंचवटा होता.

"तूक सरी ऐति. गोल इल्ल," ते म्हणाले. वजन बरोबर आहे, गोल नाही. माझे अर्धे कन्नड त्या वाक्याला पुरेसे होते.

रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एकमेकांवर चिकटवलेले असतात. टायर जुना झाला, कमी हवेवर पळवून तापला किंवा खड्ड्यात जोरात आदळला की हे थर आतल्या आत सुटायला लागतात. सुरुवातीला वरून काही दिसत नाही, फक्त एका ठरावीक वेगाला थरथर होते. मग फुगवटा येतो, कमी वेगालाही गाडी लंगडल्यासारखी चालते. आणि एक दिवस भर वेगात नक्षीचा सगळा पट्टा सोलून निघतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर असे चाक तुकडे लावून शून्यावर आणता येते, कारण तिथे ते हवेत फिरते. रस्त्यावर मात्र तो फुगवटा प्रत्येक फेऱ्याला जमिनीवर आपटतो, सेकंदाला तेरा वेळा. माझे ७० ग्रॅम या रोगावर पांघरूण घालत होते.

मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पुसून दाखवले, ३६१६. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१६ चा छत्तिसावा आठवडा. बाकीच्या तिन्हींवर २०२१ साल होते. म्हणजे आधीच्या मालकाने कधीतरी पंक्चर झाल्यावर वर्षानुवर्षे डिकीत पडलेली स्टेपनी लावली आणि ती तशीच राहिली. नक्षी भरपूर शिल्लक होती, त्यामुळे लाथ मारताना मला तो चारही टायरांत चांगला वाटला होता.

"हा टायर तुम्ही पुढे लावून हायवेवर ८० ने आलात?" मिस्त्रींनी विचारले. उत्तराची वाट न बघता म्हणाले, "पहिलं बघायचं, मग फिरवायचं, सर."

मी मनात हिशेब करत होतो. चार फेऱ्या, जाऊन-येऊन सुमारे ८०० किलोमीटर. त्यातल्या एका फेरीत उशीर झाला म्हणून तेगूरच्या उतारावर काटा १०० च्या पुढे गेला होता. मागे डाव्या बाजूला अव्वा, नेमक्या त्या चाकाच्या वर. त्यांना डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, उजव्याने धूसर. खिडकीबाहेरचे झाड काय आणि ट्रक काय, त्यांना सारखेच. प्रवासभर त्यांना काही कळत होते ते फक्त सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून.

दोन नवे टायर घेतले. ते पुढे लावा असे मी म्हणत होतो, मिस्त्रींनी मागे लावले. पावसात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि चालकाला काहीतरी करता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, असे त्यांचे म्हणणे. घरी येऊन वाचले, टायर बनवणारेही हेच सांगतात. रिम बसवण्याआधी त्यांनी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. आपल्याकडच्या पावसात तिथे गंजाचे पापुद्रे धरतात आणि चाक किंचित तिरके बसते. नट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले. बॅलन्सिंग झाल्यावर चाक मशीनवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा चढवायला लावले. आकडा पुन्हा शून्यच आला पाहिजे; नाही आला तर चाक मशीनवर नीट मधोमध बसलेच नव्हते असे समजायचे. हे चकचकीत दुकानात कुणी केले नव्हते. मजुरी विचारली तर त्यांनी जो आकडा सांगितला तो मी अलाइनमेंटला दिलेल्याच्या निम्मा होता.

घरी आल्यावर अव्वा ओट्याशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर पाटावर बसलो आणि रस्ताभर जुळवत आणलेले वाक्य म्हटले, "अव्वा, नीव हेळिद्दु खरे इत्तु." तुम्ही सांगितलेले खरे होते. खरे हा शब्द दोन्हीकडे तोच, तेवढाच आधार होता. गाली आणि गाळीचे मात्र त्यांना कन्येने समजावून सांगितले. त्या कवळी नसलेल्या तोंडाने इतक्या हसल्या की शेंगांचे सूप कलंडले.

मग म्हणाल्या, आणि या वेळी चक्क मराठीत, "आमच्या आप्पांची चक्कडी होती. मागं पाय सोडून बसायचं. कुठल्या चाकाची धाव ढिली झाली ते बसल्या जागी कळायचं. आप्पा लगेच उतरून बघायचे."

आप्पा लगेच उतरून बघायचे, हे वाक्य त्यांनी मला टोमणा म्हणून मारले की नाही, ते मी सौं.ना दोनदा विचारले. त्या म्हणतात, नाही.

पाचव्या फेरीला अव्वा बसने गेल्या नाहीत. मागेच बसल्या, मात्र या वेळी उजव्या बाजूला. डबी मांडीवर होती. टोलनाक्यानंतर मी ८५ केले, ९० केले. कित्तूरच्या पुढे आरशात बघितले तर त्या झोपल्या होत्या.

आता शंभराच्या जवळ गेले की एक बारीक गुणगुण येते. रस्ता उजवीकडे वळला की वाढते, डावीकडे वळला की कमी होते. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे डाव्या बाजूचे कुठले तरी बेअरिंग. येत्या रविवारी मिस्त्रींकडे न्यायची आहे. हे मी घरात कुणाला सांगितले नव्हते. परवा हुबळीहून परतताना मागून आवाज आला, "एनोऽ सप्पळ बराकत्तैतल्ल?"

मी गाडी कडेला घेतली आणि विचारले, "याव कडे, अव्वा?"